पाऊस सरासरीइतका, मग विहीर का आटते?

ओळंबा (मूळ लेखन)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं मी आमच्या विहिरीचं पाणी मोजत आलोय. दोरीला दगड, दर हातावर गाठ. सकाळी पंप सुरू करायच्या आधी दोरी सोडायची, कितवी गाठ ओली झाली ते बघायचं आणि वहीत टिपायचं. वहीत डाव्या पानावर पाऊस, उजव्या पानावर विहीर.

पूर्वी या दोन पानांचा मेळ बसायचा. पाऊस चांगला झाला की विहीर भरायची आणि हंगाम संपल्यावरही बरेच महिने टिकायची. आता पावसाची बेरीज जवळपास तेवढीच येते, विहीर मात्र लवकर तळ गाठते. नीट बघितल्यावर कळलं की पावसाचे दिवसच कमी झालेत. जो पडतो तो दोन-चार दिवसांत बदाबदा कोसळतो आणि मग तीन-तीन आठवडे उघडीप.

यंदाचा एक दिवस डोळ्यांसमोरून जात नाही. तासाभरात असा पाऊस झाला की समोरचं झाड दिसेना. ओढा दोन्ही थड्या भरून वाहिला, पाणी गढूळ. पाऊस थांबल्यावर कुदळ घेऊन शेतात गेलो आणि वीतभर खणलं. वरची चार बोटं चिखल, त्याखाली माती कोरडी ठणठणीत. ढेकूळ हातात चुरलं तर धूळ उडाली. एवढा पाऊस आणि मुळापर्यंत थेंब पोचलेला नाही! त्या दिवशी मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू.

माझे प्रश्न दोन. हे खरंच हवामान बदलामुळे होतंय, की आजूबाजूला बोअर वाढल्या त्याचा परिणाम आहे? आणि मी एकटा, माझ्या बांधाच्या आत, काय करू शकतो?

वाफसा

काका, तुम्ही कुदळ घेऊन गेलात ते फार बरं केलंत. पाऊस मोजणारे पुष्कळ भेटतात, पण पाऊस पडून गेल्यावर ओल किती खोल गेली हे खणून बघणारे फार थोडे.

पहिल्या प्रश्नाचं माझ्या परीने उत्तर देते. हवा 1 अंश सेल्सिअसने तापली की ती साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. 1850 ते 1900 च्या तुलनेत 2011 ते 2020 या दशकात पृथ्वी सरासरी 1.1 अंशाने गरम होती. म्हणजे ढगाला मिळणारा माल वाढला, तो कोसळतो तेव्हा जोरात कोसळतो. आणि कोसळून गेल्यावर तीच तापलेली हवा जमिनीतून, तळ्यातून, पानांतून पाणी परत ओढून घेते. त्यामुळे अतिवृष्टी आणि कोरडा खंड एकाच हंगामात दिसतात. मूळ कारण एकच आहे.

आता मातीची बाजू. माती एका तासात किती पाणी पिऊ शकते याला मर्यादा आहे. ओली झाल्यावर वाळूसर जमीन तासाला 30 मिलिमीटरपेक्षा जास्त मुरवते, पोयट्याची 10 ते 20 आणि चिकण माती जेमतेम 1 ते 5. दिवसभर रिमझिम पडणारा 40 मिलिमीटर पाऊस पोयट्याच्या जमिनीत जवळजवळ सगळा मुरेल. तेवढाच पाऊस अर्ध्या तासात आला तर बराचसा ओढ्याला जाईल. वहीत दोन्ही दिवशी आकडा 40 च. तुमच्या दोन पानांचा मेळ बसत नाही तो इथे.

शिवाय उघड्या जमिनीवर मोठे थेंब आपटले की मातीचे कण फुटतात, बारीक कण छिद्रांत बसतात आणि वर पापुद्रा धरतो. तुमची चार बोटं चिखलाची आणि खाली धूळ, हे त्यामुळेही झालं असेल. त्या दिवशी शेत उघडं होतं का?

ओळंबा

हो ताई, पूर्ण उघडं. पेरणीसाठी रान तयार करून ठेवलं होतं, बारीक भुसभुशीत. कौतुकाने कुळवलं होतं.

रानवाट

खूण ठेवतोय, इथे परत येणार. आमच्याकडे पहिला पाऊस बघून पेरलं, उगवण छान झाली, मग आभाळ गायब. रोपं दोन पानांवर असताना जळाली. दुबार पेरणी केली, बियाणं दुसऱ्यांदा आणलं. कागदावर मात्र हंगाम 'सरासरीइतका'. पिकाला सरासरी प्यायला मिळत नाही हो, त्याला त्या-त्या आठवड्याचं पाणी लागतं.

दगडगोटे

भूजलाचं काम करतो म्हणून थोडं वेगळं बोलतो, राग मानू नये.

ओळंबा दादा, तुमच्या विहिरीचं सगळं पाप हवामानाच्या माथी मारता येणार नाही. विहिरीची पातळी म्हणजे जमा वजा खर्च. जमेची बाजू, म्हणजे पाझर, पावसाच्या लहरीमुळे बिघडली हे खरं. पण खर्च किती वाढला? जगात माणूस नद्या, तळी आणि जमिनीतून जे गोडं पाणी उचलतो त्यातलं सुमारे 70 टक्के शेतीला जातं. 2002 साली ग्रेस नावाची उपग्रहांची जोडी सोडली. गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक मोजून ती जमिनीखालच्या पाण्याची घट-वाढ सांगायची. वायव्य भारत, कॅलिफोर्नियाची सेंट्रल व्हॅली, अमेरिकेतला ओगालाला जलधर (जलधर म्हणजे जमिनीखालचा पाणी धरून ठेवणारा थर), या सगळ्या ठिकाणी घट दिसली आणि तिथे मुख्य कारण उपसा आहे. हवामान त्यावर भर घालतं. पाऊस लांबला की लोक जास्त तास पंप चालवतात, म्हणजे जमा कमी होते त्याच वर्षी खर्च वाढतो. हे दोन्ही एकमेकांत गुंतलेलं आहे.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं. जोराचा पाऊस भूजलाला नेहमीच वाईट असतो असं नाही. टांझानियात मकुटापोरा नावाचं विहिरींचं क्षेत्र आहे, तिथे 1955 पासून पातळीच्या नोंदी आहेत. त्या बघितल्या तर बहुतेक वर्षं पातळी उतरतच जाते आणि एखाद्याच अतिवृष्टीच्या हंगामात भरभरून वर येते. अशा कोरड्या प्रदेशात हलका पाऊस वरच्यावर वाफ होऊन जातो. खाली पोचतं ते मुसळधार पावसाचंच पाणी, तेही कोरड्या नदीपात्राच्या वाळूतून किंवा खडकातल्या भेगांतून. त्यामुळे 'धो-धो पाऊस म्हणजे पाणी वाया' असा सरसकट नियम करू नका. आपल्या पायाखाली काय आहे ते आधी बघा. वाळूचा जाड थर असेल तर ते मोठं पिंप आहे. अखंड कातळ असेल तर थोड्या भेगांत मावेल तेवढंच पाणी मावतं, पिंप लगेच भरतं आणि लगेच रिकामंही होतं.

काठावरची

सगळी चर्चा पिकाच्या पाण्याची चालली आहे, म्हणून मधे बोलते.

विहीर आटते तेव्हा पहिला फटका बसतो तो घागर घेऊन जाणाऱ्या बाईला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या 2023 च्या अहवालात आहे की जगात 180 कोटी माणसांच्या घराच्या आवारात पाणी नाही आणि अशा दर 10 पैकी 7 घरांत पाणी आणण्याचं काम बायका-मुलींवर आहे. मी त्यातली एक होते. आठवीत असताना उन्हाळाभर पहाटे हातपंपावर रांग लावायची आणि मग शाळा. दांडा दहा-बारा वेळा मारला की पहिली धार यायची. पाणी खाली गेलं की तेच तीस-चाळीस वेळा मारावं लागायचं. आम्हाला पातळी मोजायला दोरी लागत नसे, खांद्यातल्या कळेवरून समजायचं.

दुसरं म्हणजे खोल गेलेलं पाणी वेगळं असतं. वरची विहीर आटली म्हणून बोअर आणखी खाली नेली की काही खडकांत पाण्यात फ्लोराइड वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं तर दातांवर डाग पडतात, प्रमाण फार असलं तर हाडं आखडतात. ते पाणी दिसायला नितळ, चवीला गोड. उकळलं तरी फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून ते घट्ट होतं. त्यामुळे नवी बोअर लागली की आनंदात पहिलं काम पाणी तपासून घ्यायचं. हे मी पोटतिडकीने सांगते आहे, कारण आमच्याकडे ते कोणी सांगितलं नव्हतं.

ओळंबा

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. इतकी वर्षं मी वहीत शेताचाच हिशेब मांडला, घरच्या हंड्यांचा कधी लिहिला नाही. तो लिहायला हवा होता.

कणीस

एक शंका. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की पिकं जोमदार वाढतात असं वाचलं होतं. मग पाण्याची तूट त्याने थोडी भरून निघत नाही का?

वाफसा

निघते, काही प्रमाणात. गहू, भात, कडधान्यं यांना जास्त कार्बन डायऑक्साइडचा फायदा होतो आणि पानांची छिद्रं कमी उघडावी लागल्यामुळे पाणीही थोडं वाचतं. मका आणि ज्वारीची पानं मुळातच वेगळ्या पद्धतीने काम करतात, त्यांना हा फायदा जवळपास नाही, फक्त अवर्षणात थोडा. पण वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये घेतलेल्या गहू-भाताच्या दाण्यात जस्त, लोह आणि प्रथिनं कमी भरली, हे 2014 मध्ये एकत्र केलेल्या अनेक प्रयोगांत दिसलं. पोतं भरेल, पण पोषण तेवढं नसेल.

आणि उष्णता हा फायदा खाऊन टाकते. 2017 साली वेगवेगळ्या पद्धतींचे अभ्यास एकत्र करून हिशेब काढला गेला. जगाचं सरासरी तापमान 1 अंशाने वाढलं तर मक्याचं उत्पादन सुमारे 7.4 टक्के, गव्हाचं 6 टक्के आणि भाताचं 3.2 टक्के घटतं. यात कार्बन डायऑक्साइडचा फायदा, नवं वाण किंवा शेतकऱ्याने केलेले बदल धरलेले नाहीत, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचायचा.

माझ्या मते रात्रीच्या उकाड्याकडे आपलं सर्वात कमी लक्ष आहे. दिवसा पीक अन्न तयार करतं आणि रात्री श्वसनात त्यातलं काही खर्च करतं. रात्र गरम असली की खर्च वाढतो. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत स्वतःच्या शेतावरच्या नोंदी काढून बघितल्या, तेव्हा कोरड्या हंगामात किमान तापमान 1 अंशाने वाढलं की भाताचं उत्पादन सुमारे 10 टक्क्यांनी घटलेलं दिसलं. फुलोऱ्यात दुपारचं तापमान 35 अंशांच्या वर गेलं तर परागीभवन बिघडून भाताच्या लोंब्या पोचट राहतात. पाणी भरपूर असूनही. म्हणून पेरणीची तारीख अशी धरायची की फुलोरा उन्हाच्या तडाख्यात सापडणार नाही. पावसाचा भरवसा नसताना ते अवघड आहे हे मला कळतं.

तांबडमाती

ओळंबा काकांचा दुसरा प्रश्न मागे पडला, 'मी एकटा काय करू'. त्यावर लिहितो.

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमधले याकुबा सावाडोगो हे शेतकरी. 1980 च्या सुमारास तिथे भीषण दुष्काळ होता, जमीन इतकी टणक झाली होती की पाणी वरूनच वाहून जाई. त्यांनी तिथली 'झाई' ही जुनी पद्धत घेतली आणि सुधारली. कोरड्या दिवसांतच खड्डे करून ठेवायचे, वीतभर रुंद, त्याहून थोडे कमी खोल. खड्ड्यात शेणखत, काडीकचरा. खताच्या वासाने वाळवी येते आणि ती जमिनीत बारीक बोगदे पाडते. पाऊस आला की पाणी खड्ड्यात थांबतं आणि वाळवीच्या वाटांनी खाली उतरतं. सुरुवातीला आसपासच्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं, नंतर शिकायला आले. 2018 साली त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, 2023 मध्ये ते वारले. मला यातली वाळवी फार आवडते. ज्या किड्याला आपण शत्रू मानतो त्याच्याकडून त्यांनी जमीन नांगरून घेतली.

शेजारच्या नायजरमध्ये शेतकऱ्यांनी शेतात जमिनीखाली जिवंत राहिलेल्या खोडांचे फुटवे तोडायचं थांबवून ते जपले. सुमारे 50 लाख हेक्टरवर झाडं परत आली, रोपवाटिका न काढता. त्या झाडांनी वारा अडवला, सावली दिली, पालापाचोळा दिला.

आणि पेरूमध्ये अँडीज पर्वतात, इंका लोकांच्याही आधीपासून, डोंगरावर चर खणलेले आहेत. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी या चरांतून खडकाळ उतारावर सोडतात. तिथे ते मुरतं आणि खालच्या झऱ्यांना उशिरा येऊन मिळतं. 2019 मध्ये पाण्यात रंग सोडून मोजलं, तेव्हा पाणी सरासरी 45 दिवस उशिरा खाली पोचतं असं दिसलं. दीड महिना! म्हणजे पावसाळा संपल्यावर पिकाला लागणाऱ्या नेमक्या दिवसांत.

वाफसा

तांबडमाती, सुंदर लिहिलंत. तुमच्या तिन्ही उदाहरणांत नवं पाणी कोणीच आणलं नाही, आलेल्या पाण्याचा वेग कमी केला.

आणि काका, यात तुमचं पहिलं धरण म्हणजे तुमची माती. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर पाणी. पोयट्याची जमीन मीटरभर खोलीत पिकाच्या उपयोगाचं 100 ते 175 मिलिमीटर पाणी धरते. एका हेक्टरात 10 ते 17 लाख लिटर झाले, तेही सावलीत, मुळाशी. स्वीडनच्या जलतज्ज्ञ मालिन फाल्केनमार्क यांनी मातीतल्या या ओलीला 'हिरवं पाणी' म्हटलं आणि पाण्याचं नियोजन करणाऱ्यांना तिच्याकडे बघायला लावलं. जगातली जवळपास 80 टक्के पिकाखालची जमीन पावसावरच जगते, तरी आपण पाणी म्हटलं की धरण आणि बोअर एवढंच बोलतो.

एक सावधगिरी. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत येणारा कार्बन, 1 टक्क्याने वाढवला की जमीन लाखो लिटर जादा पाणी धरते असे संदेश फिरतात. ते फुगवलेले आहेत. जगभरच्या नमुन्यांवरून 2018 मध्ये काढलेला आकडा 10 सेंटिमीटर जाडीच्या मातीत सुमारे 1.2 मिलिमीटर इतकाच आहे आणि कर्ब 1 टक्क्याने वाढवायला वर्षानुवर्षं जातात. तरी पालापाचोळा आणि खत मी सोडायला सांगणार नाही, कारण खरा फायदा मुरण्यात आहे. आच्छादन असेल तर थेंब मातीवर आपटत नाही, पापुद्रा धरत नाही, गांडुळांच्या वाटा उघड्या राहतात आणि खंडाच्या काळात वरची ओल उडत नाही. पुढच्या हंगामात अर्धं रान काडाने झाका, अर्धं उघडं ठेवा आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर दोन्हीकडे कुदळ मारा. चार बोटं की दोन विती, ते तुम्हीच आम्हाला सांगा.

रानवाट

ठिबक कोणी बोलत नाही? आम्ही केलं आणि पाणी खरंच वाचलं.

दगडगोटे

ठिबक चांगलंच आहे, पण वाचलेल्या पाण्याचं पुढे काय केलंत ते सांगा.

रानवाट

बाजूचा पडीक तुकडाही लागवडीखाली आणला.

दगडगोटे

यात तुमचं काही चुकलं नाही, कोणीही तेच करेल. पण जलधराच्या दृष्टीने बचत झाली नाही. पूर्वी पाटाने दिलेल्या पाण्यातलं काही परत झिरपून खाली जात होतं, आता तेही पीक पिऊन टाकतं, वर क्षेत्र वाढलं. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये फिरत्या तुषार यंत्रांना पाणी कमी उडावं म्हणून जमिनीलगत तोंडं बसवली. नंतर तपासलं तर उपसा घटण्याऐवजी वाढला होता, कारण लोक जास्त क्षेत्र भिजवू लागले आणि जास्त पाण्याची पिकं घेऊ लागले. सौर पंपाचंही तेच भय वाटतं मला. ऊन फुकट, म्हणून पंप दिवसभर.

म्हणून ओळंबा दादांच्या 'मी एकटा' या शब्दापाशी अडतो. ओल एकट्याला राखता येते, विहीर नाही. जमिनीखाली बांध नसतो. तुम्ही वाचवलेलं पाणी शेजारच्या बोअरला जातं, मग तुम्ही तरी का वाचवावं?

यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं काम वाचण्यासारखं आहे. 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. 1965 सालचा त्यांचा पीएचडीचा विषयच भूजल होता. लॉस एंजेलिसजवळच्या एका जलधरात इतका उपसा झाला की समुद्राचं खारं पाणी आत शिरू लागलं. उपसणाऱ्यांनी संघटना केली, कोण किती उपसतो याचे आकडे सगळ्यांसमोर मांडले, कोर्टाच्या देखरेखीखाली प्रत्येकाने उपसा कमी करायचं मान्य केलं आणि किनाऱ्यालगत गोडं पाणी जमिनीत भरून खारं पाणी थोपवलं. त्यांना वर्षं लागली, भांडणंही झाली. पण सुरुवात आकडे उघड करण्यापासून झाली. तुमच्याकडे वही आहेच. शेजाऱ्याकडे आहे का?

ओळंबा

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून चार दिवस काही लिहिलं नाही, आज लिहितो.

खालच्या बाजूच्या दोघा विहीरवाल्यांशी बोललो. एक लगेच तयार झाला. दुसऱ्याला वाटलं मी त्याच्या पंपाच्या तासांवर नजर ठेवणार. त्याला आधी माझीच वही नेऊन दिली, मागची सगळी पानं. रात्री ठेवून घेतली, सकाळी परत देताना म्हणाला, "तुझी विहीर उतरते ते दिवस आणि मी बोअर चालू करतो ते दिवस एकच आहेत रे." पुढे काही बोलला नाही, दोरी मात्र मागून घेतली.

काड जमवायला सुरुवात केली आहे. अर्धं रान झाकतो.

दगडगोटे दादा, एक विचारायचं होतं. तिघांच्या दोऱ्या वेगळ्या, गाठी वेगळ्या, कठडे वेगळ्या उंचीचे. आकडे एकमेकांशी कसे जुळवायचे?

दगडगोटे

गाठींऐवजी तिघांनी मीटरच्या खुणांची फीत घ्या. प्रत्येक विहिरीच्या काठावर एक जागा ठरवून रंगाने खूण करा आणि कायम तिथूनच मोजा. खुणेपासून जमीन किती खाली आहे ते एकदा मोजून आकड्यातून वजा करा, म्हणजे तिघांचेही आकडे जमिनीपासून खाली असे होतील. वेळ पहाटेची, तिन्ही पंप रात्रभर बंद असताना. एकाचा चालू असेल तर त्या दिवशी तसं लिहा, आकडा गाळू नका. आणि पावसाचा फक्त दिवसाचा आकडा लिहू नका, किती वेळात पडला तेही लिहा. तुमच्या डाव्या पानावर तेच सुटत होतं.

काठावरची

ओळंबा काका, तुमच्याकडे हातपंप असेल तर त्याचंही एक पान वहीत ठेवा. पहिली धार यायला दांडा किती वेळा मारावा लागला, एवढंच लिहायचं. पाणी भरायला येणारी कुठलीही मुलगी ते मोजून सांगेल.

ओळंबा

आहे ताई, हातपंप आहे. आज सकाळी सूनबाईंना विचारलं. सत्तावीस म्हणाल्या. वहीत लिहिलं.